कॅलिफोर्नियात शाळांना अटी घालूनच पैसा द्यावा का?

फ्रीमाँटकर:
द्यावा, आणि अटी कडक असाव्यात. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथल्या मतदारांनी प्रस्ताव २८ मंजूर केला. राज्य शालेय शिक्षणासाठी जी किमान रक्कम बाजूला काढतं, तिच्या १ टक्क्याइतका जादा पैसा दरवर्षी संगीत, चित्रकला, नाटक, नृत्याला. डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक शिक्षण मंडळाच्या, शाळांना आणि चार्टरनाही (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा). ५०० किंवा जास्त मुलं असतील तर ८० टक्के रक्कम माणसं नेमण्यावरच खर्चायची. तंगी आली की पहिली कुऱ्हाड कलेच्या तासावर पडते. अट नसती तर हा पैसा कधीच इतरत्र गेला असता.

वसुधा आ.:
अजिबात पटलं नाही. हे सगळं राज्याने करून पाहिलंय. २०१३ पर्यंत डझनावारी योजनांचे वेगवेगळे डबे होते. पैसा असायचा, पण भलत्याच डब्यात. म्हणून तर गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या काळात बहुतेक डबे मोडून एकच सूत्र आलं: प्रत्येक मुलामागे मूळ रक्कम, आणि गरीब, इंग्रजी शिकणाऱ्या, फॉस्टर (सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या घरी वाढणाऱ्या) मुलांसाठी त्यावर भर, म्हणजे जादा रक्कम. आता पुन्हा तेच. गणिताच्या शिक्षकाला कपातीची नोटीस जाते आणि शेजारच्या कलेच्या खात्यातल्या पैशाला हात लावता येत नाही. मुलांना गणितही लागतंच ना?

फ्रीमाँटकर:
वसुधाताई, त्याच सूत्राबद्दल राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१९ मध्ये काय म्हटलं? गरीब मुलांसाठीचा भर त्यांच्यावरच खर्च होतो याची खात्री राज्याने केली नव्हती. उरलेला भर पुढच्या वर्षी मूळ रकमेत मिसळायचा, कशावरही खर्चायला मोकळा. मोकळीक दिली, आणि ज्यांच्या नावाने पैसा आला ती मुलं हिशेबातूनच गेली.

किरण, चार्टर शाळेत शिक्षिका:
आमची बाजूही ऐका. चार्टर शाळा सरकारी पैशावरच चालते, फी नाही. पण इमारत बहुतेकदा भाड्याची. गरीब वस्तीतल्या चार्टरना २००१ च्या कायद्याने भाड्यासाठी वेगळं अनुदान मिळतं. ते भाड्यासाठीच राखलेलं नसतं तर भाडं थेट वर्गातल्या पैशातून गेलं असतं. अटींमुळे कागदपत्रं वाढतात, लहान शाळेत ती भरायला माणूसही नसतो. तरी मला ती चालतील.

वसुधा आ.:
किरण, भाड्याचं मान्य. ती गरज दरवर्षी तीच असते. पण उद्या विज्ञानासाठी १ टक्का, परवा खेळांसाठी १ टक्का, असे प्रस्ताव आले तर प्रत्येकाला ‘हो’ म्हणायचं? मग शाळेच्या मुख्याध्यापकाने ठरवायचं तरी काय? भराचा पैसा झिरपतो तर तिथला हिशेब कडक करा, नवं खातं नको.