नोंदीत ४ दिवस, अर्जदाराच्या लेखी ९ दिवस: प्रक्रियेचा कालावधी नेमका कसा मोजावा?

प्रश्न

आमच्या विभागात अर्ज छाननी, पडताळणी आणि मंजुरी अशा तीन टेबलांवरून पुढे जातो. प्रत्येक टेबलावर घड्याळ लावून पाहिले, तेव्हा प्रत्यक्ष कामाचा वेळ एका अर्जामागे एकूण ४५ मिनिटे भरला. संगणकातील आवक-जावक नोंदीप्रमाणे अर्ज सरासरी ४ दिवसांत निकाली निघतो. अर्जदार मात्र ९ दिवस लागल्याचे सांगतात, आणि त्यांच्या पोचपावत्या पाहता त्यांचे म्हणणे खोटे वाटत नाही. रोज साधारण ४० अर्ज मंजूर होतात आणि २० अर्ज त्रुटी काढून परत पाठवले जातात. चुका कमी व्हाव्यात म्हणून मंजुरीच्या टेबलानंतर आणखी एक तपासनीस नेमावा, असे वरिष्ठांचे मत आहे. मोजणीत काय चुकते आहे, आणि या नेमणुकीने काही साधेल का?

प्रतिसाद १

त्रुटी काढलेला अर्ज परत गेला की तुमची प्रणाली त्याला ‘निकाली’ धरते आणि पूर्तता होऊन आला की नवा आवक क्रमांक देते, असा मला दाट संशय आहे. तसे असेल तर घड्याळ मध्येच थांबते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते.

हे पडताळण्यासाठी घड्याळाची गरजही नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार प्रक्रियेत सरासरी जितकी प्रकरणे असतात, त्या संख्येला रोज बाहेर पडणाऱ्या प्रकरणांच्या सरासरीने भागले की सरासरी कालावधी मिळतो. मात्र ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांची हद्द दोन्ही मोजण्यांत एकच असली पाहिजे, आणि मोजणीच्या काळात फायलींचा साठा सतत वाढत किंवा घटत असू नये. एका दिवसाच्या मोजणीवर विसंबू नका. दोन आठवडे रोज काम संपताना फायली मोजा आणि अर्जदारांकडे पूर्ततेसाठी गेलेल्या फायली वेगळ्या लिहा.

प्रश्नकर्ता (दोन आठवड्यांनंतर)

संशय खरा ठरला. तिन्ही टेबलांवर मिळून सरासरी २४० अर्ज निघाले आणि पूर्ततेसाठी बाहेर असलेले १२०. परत गेलेले अर्जही निकाली धरले तर २४० भागिले ६० म्हणजे ४ दिवस. आणि मंजूर झालेलेच निकाली धरून बाहेरचे अर्ज मिळवले तर ३६० भागिले ४० म्हणजे बरोबर ९ दिवस! मोजताना आणखी एक गोष्ट दिसली. छाननीचे टेबल दिवसभराच्या फायलींचा गठ्ठा बांधून तो संध्याकाळी एकदम पुढे पाठवते, त्यामुळे पडताळणीचे टेबल सकाळी फायलींखाली दबलेले असते आणि निम्म्या फायली मागच्या कपाटात जातात.

प्रतिसाद २

तुमच्या आकड्यांतून एवढे दिसते की ९ पैकी ६ दिवस अर्ज कार्यालयातच असतो आणि ३ दिवस अर्जदाराकडे. आठ तासांच्या दिवसाप्रमाणे ९ दिवस म्हणजे ४,३२० मिनिटे. त्यांत काम ४५ मिनिटांचे, म्हणजे जेमतेम एक टक्का. त्यामुळे कर्मचाऱ्यांना हात चालवायला सांगून काही हाती लागणार नाही. गठ्ठा दिवसातून चार वेळा पुढे पाठवणे हा फुकटचा उपाय आहे, तो आधी करा.

शेवटी तपासनीस नेमण्याच्या मी स्पष्टपणे विरोधात आहे. तेथे सापडलेली चूक तिन्ही टेबलांचा वेळ खाऊन आलेली असते, आणि तपासनिसासमोर नवी रांग लागते ती वेगळीच. परतीची कारणे महिनाभर लिहून काढा. सही नसणे, जोडपत्र नसणे अशी दोन-तीन कारणेच बहुतेक परतींमागे निघाली, तर ती आवक खिडकीवर अर्जदार समोर असतानाच पाहता येतील.

परतींच्या रोजच्या आकड्यासाठी वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेला नियंत्रण आलेख, म्हणजे रोजचा आकडा नेहमीच्या चढउताराच्या मर्यादांत आहे की नाही हे दाखवणारा आलेख, वापरा. रोज ६० अर्ज आणि सरासरी एक तृतीयांश परती धरल्यास तीन प्रमाण विचलनांच्या (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) मर्यादा साधारण ९ आणि ३१ येतात. म्हणजे एखाद्या दिवशी २६ अर्ज परत गेले म्हणून कोणाला जाब विचारणे निरर्थक आहे. तो प्रक्रियेचा नेहमीचाच चढउतार आहे, आणि सरासरी २० खाली आणायची तर प्रक्रियाच बदलावी लागेल.

प्रतिसाद ३

वरील मताशी सहमत. दोन गोष्टी जोडतो. पडताळणीचा कर्मचारी किती टक्के वेळ कामात गुंतलेला असतो, ते पाहा. रांगेच्या सर्वांत साध्या गणितात, जेथे आवक आणि कामाचा वेळ दोन्ही अनियमित धरलेले असतात, सरासरी प्रतीक्षा ८० टक्के व्यापावर एका कामाच्या वेळेच्या चौपट, ९० टक्क्यांवर नऊपट आणि ९५ टक्क्यांवर एकोणीसपट होते. ‘कोणी रिकामे बसू नये’ हा हट्ट किती महाग पडतो, हे या आकड्यांवरून कळते. कपाटातल्या फायलींचे मूळही बहुधा येथेच आहे.

दुसरे म्हणजे अर्जदाराला सरासरी सांगू नका. पहिल्या आवक क्रमांकापासून मंजुरीपर्यंतचे कालावधी चढत्या क्रमाने लावा आणि १०० पैकी ९० अर्ज जितक्या दिवसांत संपतात तो आकडा पोचपावतीवर छापा. त्यासाठी पूर्ततेनंतर आलेल्या अर्जाला जुनाच क्रमांक ठेवण्याचा बदल मात्र प्रणालीत आजच करून घ्या.