माहूरचा तांदळा आणि आईचं कपाळ

देवादिकांच्या प्रतिमांतून स्वतःचं दुःख मांडणं म्हणजे उसनी करुणा, असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. १८९८ मध्ये फ्रेड हॉलंड डे या अमेरिकन छायाचित्रकाराने काटेरी मुकुट घालून स्वतःच्याच चेहऱ्याचे सात फोटो काढले, क्रुसावरच्या ख्रिस्ताची सात वचनं म्हणून. त्यासाठी तो उपाशी राहिला, केस-दाढी वाढवली. उसनं घेणारा एवढं सोसत नाही.

आम्ही यवतमाळकडचे, कुलदेवी माहूरची रेणुका. तिथं पूर्ण मूर्ती नाही, तांदळा आहे, म्हणजे नुसतं शेंदरी मुख, मोठाले डोळे अन् कपाळभर मळवट. बाबा गेले त्या वर्षी कापूस विकलाच नव्हता, घरात ढीग पडून होता. आई त्यात बसलेली. दाराच्या फटीतून उजेड येत होता, तोही तिच्या तोंडावरच. मी मोबाइलवर फोटो काढला तेव्हा डोक्यात काहीच नव्हतं. रात्री पाहिला तर धड कापसात बुडालेलं, वर फक्त चेहरा. अगदी तांदळाच, पण कपाळ कोरं. लहानपणापासून तो मळवट पाहिला नसता, तर हे कोरेपण मला दिसलंच नसतं.

आईला फोटो दाखवला. तिनं पदर कपाळावर ओढून घेतला.