प्रतिसाद: परत वाचल्यावर आईच जास्त दिसली

वर कोणीतरी म्हटलंय की पोरवयात वाचलेली फँटसी आता परत वाचली की फिकी वाटते, मला तसं नाही झालं. कॅसान्ड्रा क्लेअरचं २००७ चं 'सिटी ऑफ बोन्स' मी अकरावीत वाचलं होतं, दर्यापूरजवळच्या आमच्या घरी, खोलीभर कापूस भरलेला अन् त्याच्यावर लोळून, अंगाला खाज सुटायची तरी उठावं नाही वाटायचं. न्यूयॉर्कमधलं पडकं चर्च, साध्या माणसाला पडकंच दिसतं अन् आत शॅडोहंटर्सचं, म्हणजे राक्षसांशी लढणाऱ्यांचं, अख्खं जग, हे वाचून मी गावातल्या बंद वाड्याकडे महिनाभर टक लावून पाहायचे. दिवाळीत परत काढलं तर पानांत कापसाचा तंतू निघाला! तेव्हा त्यातल्या जेस नावाच्या शॅडोहंटर पोरापायी वेडी होते, पण यावेळी पोरीला वाचवायला तिच्या आठवणी झाकून ठेवणारी नायिकेची आई जोसलिनच मनात बसली, तिचा तेव्हा भयंकर राग यायचा बाप्पा.