पंधरा हजारांत गाडीचा आवाज: आधी स्टिरिओ की आधी दारं?

गोदाकाठ
परवा इथं ग्रुपवर एकानं सल्ला दिला: "कंपनीचा स्टिरिओ काढा, नऊ इंची अँड्रॉइड टाका, दारात पाचशे वॅटचे स्पीकर मारा. पंधरा हजारांत थेटर." खाली सगळे वा वा करायलेत. हे वाचून उद्या कुणीतरी पैसे घालवणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

पाचशे वॅट हा खोक्यावरचा पीक आकडा. बघायचा आरएमएस, म्हणजे सतत झेपणारी ताकद, आणि त्याच्याही आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटमध्ये स्पीकर किती डेसिबल (डीबी) वाजतो ते. स्टिरिओच्या पोटातली आवाज वाढवणारी चिप (आयसी) गाडीच्या १४.४ व्होल्टवर चालते. ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून स्वच्छ आवाजात १८ ते २० वॅट मिळाले तरी खूप. टीडीए ७३८८ ही आयसी घ्या. नाव '४५ वॅट गुणिले चार', पण तिच्याच डेटाशीटमध्ये १४.४ व्होल्टला २६ वॅट दिलेत, तेही १० टक्के डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) धरून.

आता ८७ डीबी सेन्सिटिव्हिटीचा तो 'पाचशे वॅट' आणि ९२ डीबीचा साधा कोॲक्सिअल (मधोमध ट्वीटर असलेला) स्पीकर शेजारी ठेवा. ५ डीबीचा फरक म्हणजे तिपटीहून जास्त ताकद. ९२ वाला २० वॅटमध्ये जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८७ वाल्याला ६३ वॅट लागतात. ते स्टिरिओ आणणार कुठून?

माझा क्रम असा: पुढची दारं (पत्र्याची थरथर मारणारी चिकट शीट लावून), पुढचे साडेसहा इंची स्पीकर, जमलं तर चार चॅनलचा ॲम्प (वेगळा ॲम्प्लिफायर). स्टिरिओ सगळ्यात शेवटी. पंधरातले साडेचार हजार स्पीकरला, अडीच शीटला, साडेसहा ॲम्पला, उरलेले वायर, फ्यूज आणि कपलरला (गाडीच्या वायरिंगला बसणारा तयार जोड). मागच्या दारांना हात लावू नका.

टू-डिन
"स्टिरिओ शेवटी" हा नियम सगळ्या गाड्यांना लावू नका. बेस आणि ट्रेबल अशा दोनच सेटिंगचा बेस मॉडेलचा स्टिरिओ असेल तर तुमचे साडेचार हजारांचे स्पीकर तो वाजवणार कसा? त्यात हाय-पास, म्हणजे खालचा बेस कापणारा फिल्टर, नाही. साडेसहा इंची कोनला ४० हर्ट्झ गेला की तो नुसता आत-बाहेर धावतो आणि त्याच वेळी गाणाऱ्याचा आवाज चिरकतो.

हाय-पास, तेरा बँडचा इक्वलायझर आणि टाइम अलाइनमेंट (प्रत्येक स्पीकरला वेगळा डिले, म्हणजे उशीर) असलेला स्टिरिओ आधी लावा. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं. उजवा स्पीकर ९० सेंटिमीटरवर, डावा १४० वर असेल तर ५० सेंटिमीटरचा फरक, म्हणजे जवळपास दीड मिलिसेकंद. उजव्याला तेवढा डिले दिला की आवाज दारातून उठून काचेसमोर येतो. हे कुठलाच स्पीकर करून देत नाही. आणि कंपनीचे कागदी कोन टाकाऊ नसतात. हलके असतात, म्हणून कमी ताकदीत चांगले बोलतात.

गोदाकाठ
फक्त हाय-पाससाठी स्टिरिओ बदलायची गरज नाही. ४ ओहमच्या स्पीकरला सिरीजमध्ये ४०० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलराइज्ड (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर टाका, १०० हर्ट्झला कट मिळतो. आणि आजकालच्या गाड्यांत स्क्रीनवरच रिव्हर्स कॅमेरा, स्टेअरिंगची बटणं, गाडीची सेटिंग. ती काढून काय करणार?

टू-डिन
कपॅसिटरचा उतार सप्तकामागं ६ डीबीचाच, म्हणजे कट हळूहळू होतो. ५० हर्ट्झ फक्त ७ डीबीनं कमी होतो. त्याला फिल्टर म्हणू नका, आधार म्हणा. स्क्रीनवाल्या गाडीत स्टिरिओ काढू नये, एवढं मान्य. साध्या टू-डिनच्या (ठराविक मापाचा, काढता येणारा सुटा स्टिरिओ) गाडीत माझंच बरोबर.

गोदाकाठ
साध्या टू-डिनमध्ये, ठीक आहे. तेवढंच.

बालाघाट
मागच्या दारांना कामून हात लावायचा नाही? धाराशिव-पुणे पाच तास मागं आई-बाबा बसतात. त्यांनी काय ऐकायचं? सगळे सल्ले एकट्या ड्रायव्हरसाठी असतात.

गोदाकाठ
मागचे कंपनीचे तसेच चालू राहतात, कुणी काढा म्हटलं नाही. फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल) दोन-तीन घरं पुढं, बस्स.

मोंढ्यातला वायरमन
दोघांचंही राहू द्या, आधी ओरिजिनल वायर कापणं बंद करा. मॉडेलप्रमाणे कपलर मिळतो. तो न लावता वायर कापायची, पिळायची, काळी टेप गुंडाळायची. मे महिन्यात टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते, स्पीकरची वायर बॉडीला लागते आणि आयसी जाते. मग गिऱ्हाईक म्हणतं स्टिरिओ खराब निघाला. जोड द्यायचाच तर सोल्डर आणि वर हीट-श्रिंक.

ॲम्पवाल्यांनी हेही वाचा. ५० वॅट आरएमएस गुणिले चार, क्लास एबी प्रकारचा ॲम्प, ६० टक्के कार्यक्षमता धरली तर १३.८ व्होल्टला २४ अँपिअर लागतात. ८ गेजची (गेज म्हणजे जाडी, आकडा लहान तितकी वायर जाड) अस्सल तांब्याची वायर आणि ३० अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. फ्यूज ॲम्पजवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरला संरक्षण नाही. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर (फायरवॉल) घासून ती शॉर्ट झाली तर आगच. तांबं चढवलेली ॲल्युमिनियम वायर स्वस्त म्हणून आणता, मग दोन गेज जाड तरी घ्या. अर्थची वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर द्या. आरसीए (स्टिरिओतून ॲम्पला सिग्नल नेणारी वायर) एका बाजूनं, पॉवर दुसऱ्या बाजूनं, नाहीतर ॲक्सिलरेटरबरोबर शिट्टी वाजते.

सहा एअरबॅगच्या गाडीत एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही आणि ट्वीटरची (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) वायर काचेशेजारच्या पिलरमधल्या एअरबॅगच्या पुढून न्यायची नाही. पिलर खोलण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा.

काटकसर
सगळं मान्य, पण शीटला अडीच हजार ही लूट आहे. गच्चीच्या गळतीची ॲल्युमिनियमची चिकट पट्टी हार्डवेअरमध्ये तीनशे रुपयांत मिळते. तीच वस्तू, फक्त नाव वेगळं. मारा दाराला आणि विसरा.

परभणी ४४ अंश
हेच लिहून लिहून लोकांच्या दारांची वाट लावली. तीच वस्तू नाही. त्यातल्या कित्येक पट्ट्या डांबराच्या असतात. इथं मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो, उन्हात उभ्या गाडीच्या दाराचा पत्रा हात लावू देत नाही. डांबर मऊ पडतं, पट्टी स्वतःच्या वजनानं सुटून दाराच्या तळाशी जाते. खालची भोकं बुजली की पावसाचं पाणी आत साचतं आणि पत्रा आतून गंजतो. काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेत चिकटली तर काच अर्ध्यावर अडकते. गाडीत डांबराचा वास येतो तो वेगळाच.

काटकसर
तुम्हाला शीट विकायच्यात काय? ब्युटाइलचीपण (चिकट रबर) पट्टी मिळते गच्चीसाठी. नीट बघून घ्यायची अक्कल असते लोकांना.

परभणी ४४ अंश
विकत काही नाही, आणि अक्कल काढू नका. ब्युटाइलची असली तरी तिचा फॉइल कागदासारखा पातळ. काम फॉइलच करतो. पत्रा थरथरला की पत्रा आणि फॉइल यांच्यामध्ये ब्युटाइल ताणला जातो आणि थरथरीची उष्णता होते. फॉइलच लवचिक असेल तर ताण बसत नाही. २ मिलिमीटर ब्युटाइल आणि साधारण १०० मायक्रॉन फॉइल बघून घ्या.

पैसे वाचवायचेत तर कमी लावा. अख्खं दार मढवायची गरज नाही. बाहेरच्या पत्र्यावर स्पीकरच्या मागं आणि मधल्या मोकळ्या भागात, मिळून तिसरा हिस्सा झाकला तरी पुरतं. बोटानं टकटक करा: आधी 'टण्ण' येतं, लावल्यावर 'ठक'. तो आला की थांबा. वाचलेली शीट आतल्या पत्र्याची मोठी भोकं झाकायला वापरा. स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज त्या भोकांतून एकमेकांना खाऊन टाकतो, बेस तिथंच मरतो. कंपनीचा पातळ प्लास्टिकचा पडदा फेकू नका, परत चिकटवा.

काटकसर
तिसरा हिस्सा म्हणता तर हजार-बाराशेत दोन दारं होतील. हे आधीच सांगायचं. डांबराची पट्टी नको, एवढं घ्या.

समृद्धीवरचा
शीट लावून १२० च्या वेगाला टायरचा आवाज थांबत नाही हो. समृद्धीच्या काँक्रीटवर तो घूं आवाज तसाच. पैसे गेले.

परभणी ४४ अंश
थांबणारच नाही. तो जमिनीतून आणि चाकाच्या कमानीतून येतो. ही शीट पत्र्याची थरथर मारते, हवेतून येणारा आवाज अडवत नाही. त्याला जड व्हिनाइलची चादर फटी न ठेवता अंथरावी लागते. सीट, कार्पेट सगळं काढणं आलं, पंधरा हजारांचं काम नाही ते. आधी टायर किती जुने आहेत ते बघा.

बालाघाट
शीट झाली, स्पीकर झाले, तरी बेस बारीक. बूटमध्ये सीएनजीची टाकी, सबचा (फक्त बेस वाजवणारा स्पीकर) डबा ठेवायला जागा नाही.

मोंढ्यातला वायरमन
सबच्या आधी पोलॅरिटी (प्लस-मायनस बरोबर जोडलेत का) तपासा. १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर स्पीकरच्या वायरला लावा, प्लसला प्लस. कोन बाहेर उडी मारतो. एका दारात बाहेर आणि दुसऱ्यात आत गेला तर एक उलटा जोडलाय. उलटा असला की दोघांचा बेस एकमेकाला मारतो. तो सुलटा करा, फुकटात बेस येतो. त्यावरही कमी पडला तर सीटखालचा आठ इंची ॲक्टिव्ह (आतच ॲम्प असलेला) सब, ८० हर्ट्झच्या खालचं त्याला, वरचं दारांना. सीटखाली पिवळा कपलर असेल तर मघाचाच नियम.

टू-डिन
ॲम्पचा गेन (आत आलेला सिग्नल किती वाढवायचा ते) कानानं लावू नका. फिल्टर बंद, स्पीकर सुटे, स्टिरिओ तीन-चतुर्थांशवर, ५० हर्ट्झचा टोन. ५० वॅट आणि ४ ओहमला मल्टिमीटर एसीवर १४.१ व्होल्ट दिसेपर्यंत गेन वाढवा. तिथंच थांबा.

काटकसर
शीट दाबायचा रोलर ऑनलाइन पाचशेला दिसतोय. बोटानं दाबली तर?

परभणी ४४ अंश
बोटानं हवा राहते, दोन उन्हाळ्यांत फुगे येतात. पंक्चरवाल्याकडं पॅच दाबायचा छोटा रोलर असतो, तो अर्धा दिवस मागून घ्या. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबा.