शीर्षकगीत लागलं की… : शाळा-कॉलेजच्या मालिकांच्या गाण्यांचे तुमचे अनुभव सांगा

धागा मी काढतेय, तर सुरुवातही मीच करते. मी लातूरची. १९९८ ते २००१ या काळात झी टीव्हीवर ‘हिप हिप हुर्रे’ लागायची. डिनोबिली हायस्कूलमधली बारावीच्या वयाची पोरं-पोरी, त्यांची मैत्री, भांडणं. आमच्या वर्गात पोरींची रांग वेगळी, पोरांची वेगळी, त्यामुळं मालिकेपेक्षा जास्त ओढ तिच्या गाण्याची. ते ऐकलं की आपणही कुठल्या तरी टोळीतले आहोत असं वाटायचं.

गॅदरिंगला आम्ही पाचजणींनी याच गाण्यावर नाच ठरवला. कॅसेट कुठं मिळेना. मग पप्पांच्या अभंगांच्या कॅसेटवरच भरायचं ठरलं. टेप टीव्हीसमोर स्टुलावर ठेवला, गाणं सुरू झाल्याबरोबर लाल आणि काळं बटन एकदम दाबलं आणि श्वास रोखून बसलो. अर्धं गाणं झालं न झालं तोच गल्लीतून काकूंचा आवाज आला, “नळ आले गं!” आठ दिवसांनी पाणी आलेलं. आई घागर घेऊन पळाली, तिच्या पायानं बादली गडगडली. सगळं कॅसेटमध्ये आलं. पुढच्या आठवड्यात मालिकेच्या वेळेला लाईट नव्हती, पुन्हा भरता आलं नाही, म्हणून तीच कॅसेट घेऊन स्टेजवर गेलो. भोंग्यातून “नळ आले गं!” ऐकल्यावर मागं बसलेल्या दोन-चार बाया खरंच उठल्या. आम्ही नाचत राहिलो. त्या हाकेवर गिरकी घ्यायची, असं आम्ही तालमीतच बसवलं होतं.

तुमचं गाणं कोणतं?

*

नांदेड

माझं ‘रिमिक्स’चं. स्टार वनवर २००४ ला सुरू झालेली. मूळ मालिका अर्जेंटिनाची होती हे फार उशिरा कळलं. हॉस्टेलच्या मेसमध्ये एकच टीव्ही, आणि तेव्हाचं लोडशेडिंग तुम्हाला सांगायला नको. बरोबर मालिकेच्या वेळेला लाईट जायची. मग आम्ही पोरी अंधारात ताटं वाजवत गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच म्हणायचो, आणि काल टिया न् अन्वेषाचं कुठवर आलं होतं ते एकमेकींना सांगायचो. रेक्टर बाई दाराशी मेणबत्ती घेऊन उभ्या राहायच्या. रागवायच्या नाहीत.

*

अंबाजोगाई

मला त्रासही झाला, तो लिहितो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला. त्या गाण्यांतले इंग्रजी शब्द मी कानाला पडतील तसे वहीच्या मागच्या पानावर देवनागरीत लिहून काढायचो. अर्थ विचारायला कोणी नव्हतं. एका सरांनी ते पान वर्गात वाचून दाखवलं. पोरं हसली. त्यानंतर बरीच वर्षं मी मोठ्यानं इंग्रजी बोललो नाही. आज मी इंग्रजीच शिकवतो. कुणा पोराच्या वहीत असं पान दिसलं की शेजारी बसून एकेक शब्द सांगतो.

*

छत्रपती संभाजीनगर

३१ मे २०२२ ला कोलकात्याच्या कार्यक्रमानंतर गायक केके गेला. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक त्याच्या गाण्यांची यादी वाचत होतं. त्यात ‘जस्ट मोहब्बत’ आणि ‘हिप हिप हुर्रे’. दोन्हीचा आवाज एकच! ‘जस्ट मोहब्बत’ सोनीवर १९९६ ला आली तेव्हा आमची आजी बाजेवर पडून असायची. मी आवाज कमी केला की म्हणायची, “कामून कमी केलास? म्हणू दे की त्या लेकराला.” लेकरू कोण ते मला तिला कधी सांगता आलं नाही.

*

परभणी

मी तुमच्यापेक्षा लहान. ‘दिल दोस्ती दुनियादारी’, झी मराठी, २०१५. तेव्हा पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या तयारीला होतो, चौघी एका खोलीत. खोलीला आम्ही ‘माजघर’ म्हणायचो, मालिकेतल्या घरासारखं. गावाकडं त्या वर्षी दुष्काळ, घरून पैसे मागायची लाज वाटायची. फोनवर गाणं लावून डबा चौघीत वाटून खायचो.

*

लातूर (पुन्हा मीच)

अंबाजोगाईच्या सरांचा अनुभव दोनदा वाचला. आणि आजींचा.

ती कॅसेट माझ्याकडं अजून आहे, अभंगाच्या कव्हरमध्ये. आई गेल्यावर्षी गेली. बादली गडगडल्यावर ती काहीतरी बोलली होती, ते मला नीट आठवत नाही. लातुरात कोणाकडं चालू टेपरेकॉर्डर असेल तर सांगा, मी कॅसेट घेऊन येते.