गॅस्ट्रिक बँडचा पोर्ट कुठे बसवावा? ऑपरेशनआधी सर्जनशी काय बोलावे?

कोरडी_विहीर

दुर्बिणीतून अ‍ॅडजस्टेबल गॅस्ट्रिक बँड (वजन उतरवण्यासाठी जठराभोवती आवळायचा, घट्ट-सैल करता येणारा पट्टा) बसवायचे नक्की झाले आहे. स्लीव्ह, बायपास या वजन उतरवण्याच्या इतर ऑपरेशनांचा विचार करून झालाय, त्यामुळे "बँड कशाला?" ही चर्चा इथे नको. प्रश्न फक्त पोर्टचा आहे, म्हणजे कातडीखाली बसवायच्या त्या छोट्या डबीचा, जिच्यातून सुईने सलाइन भरून बँड घट्ट करतात. सर्जनचे म्हणणे, "डाव्या बाजूला बसवू कुठेतरी, त्याची काळजी नको." ऑपरेशनआधी त्यांची एकच भेट उरली आहे. पोट सुटलेले आहे, बेंबीखाली घडी पडते. पालथे झोपायची सवय. बेंबीच्या हर्नियाला पूर्वी जाळी लावलेली आहे. जागेबद्दल आपण बोलावे, की ते सर्वस्वी त्यांच्यावर सोडावे? बोलायचे तर नेमके काय विचारायचे?

टाकादोरा

बोलावेच. बँड जठराला कुठे आवळायचा हा सर्जनचा प्रांत. पोर्ट मात्र कातडीखाली राहतो, दर वेळी सुई तिथेच टोचली जाते आणि तो रोज अंगाला जाणवतो.

सर्वात रूढ जागा म्हणजे डाव्या बरगड्यांच्या कडेखाली, पोटाच्या सरळ स्नायूवरच्या आवरणावर. १५ मिमीच्या ट्रोकारचा (दुर्बीण-हत्यारे आत घालायच्या नळीचा) छेद बहुधा त्याच भागात असतो, तोच थोडा वाढवून पोर्ट बसवता येतो, म्हणून सर्जनला ती सोयीची. पण तो बरगडीच्या फार जवळ गेला तर बसताना, वाकताना बरगडीची कड त्यावर टेकते आणि दुखत राहते. दुसरी जागा छातीच्या मधल्या हाडाचे खालचे टोक, किंवा त्याच्या जरा खाली मध्यरेषेजवळ. तिथे चरबी पातळ असते, त्यामुळे पोर्ट चटकन हाताला लागतो. तोटाही त्यातच आहे: वजन उतरल्यावर तो उठून दिसतो, आणि ब्राची पट्टी नेमकी त्यावर येते.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी आधीच बाद करा. घडीत किंवा घडीच्या काठावर पोर्ट नको. तिथे घाम साचतो, कातडी सोलवटते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. जाळीवरही नको, कारण पोर्टला संसर्ग झाला तर तो जाळीपर्यंत पोहोचू शकतो. हर्नियाच्या ऑपरेशनचा कागद भेटीला घेऊन जा. जाळी बेंबीच्या वर कुठवर गेली आहे हे सर्जनला त्यावरून कळेल.

आणि खूण मार्करने आधीच करून घ्या: उभे राहून, खुर्चीत बसून, पुढे वाकून. पँटचा पट्टा, नाडी, ब्राची पट्टी, गाडीचा सीट बेल्ट कुठे येतात ते दाखवा. टेबलावर उताणे झोपल्यावर चरबी बाजूंना पसरते, शिवाय पोट वायूने फुगवलेले असते. तेव्हा डोळ्यांनी ठरवलेली जागा उभे राहिल्यावर तिथे राहत नाही.

सुईकर

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त छातीच्या हाडाच्या जागेला इतके कमी लेखू नये. चरबीचा थर फार जाड असेल तर पोटावरचा पोर्ट हाताने सापडतच नाही आणि बँड भरायला दर वेळी सोनोग्राफी किंवा एक्स-रे लागतो. तेव्हा सर्जनला हे विचारा: "बँड भरणार कोण, आणि हाताने चाचपून की एक्स-रेखाली?" एक्स-रेखालीच भरायचे असेल तर पोर्ट थोडा खोल असला तरी चालतो.

भरण्याच्या बाजूने आणखी काही मुद्दे. कातडीवरचा छेद पोर्टच्या डोक्यावर नको, जरा बाजूला हवा. नाहीतर ताण जखमेवर येतो आणि पुढे प्रत्येक सुई व्रणातून जाते. बँडकडे जाणारी नळी पोर्टच्या कोणत्या बाजूने निघते हे ऑपरेशनच्या नोंदीत लिहून घ्या. सुई कडेवरून घसरली की ती नळीत घुसू शकते, आणि पोर्टजवळच्या गळतीचे ते नेहमीचे कारण आहे. सुई ह्यूबरचीच (पडदा न कापणाऱ्या खास टोकाची) हवी, बहुधा २० ते २२ गेज जाडीची, आणि सरळ काटकोनात. साध्या सुईचे टोक सिलिकॉनच्या पडद्याचा तुकडा कापून काढते, मग तो पडदा आपोआप मिटत नाही. थर जाड असेल तर लांब ह्यूबर सुई लागेल, हेही आत्ताच सांगून ठेवा.

पहिल्यांदा भरणे साधारण ४ ते ६ आठवड्यांनी, तोवर पोर्टभोवती पेशी धरतात. चाचपताना डोके किंवा पाय थोडे उचलायला सांगतात, ते यासाठी की स्नायू ताठ होऊन पोर्ट वर येतो.

कोरडी_विहीर

दोघांचे आभार, बरेच स्पष्ट झाले. पोर्ट उलटतो असे वाचले. तो जागेमुळे उलटतो का? आणि पालथे झोपण्याचे काय?

टाकादोरा

जागेपेक्षा बसवण्यामुळे. चरबी बाजूला सारून आवरण नीट मोकळे करायचे आणि त्यावर पोर्ट न विरघळणाऱ्या ४ टाक्यांनी पक्का करायचा. काही बनावटींना टाक्यांऐवजी आवरणात रुतणारे आकडे असतात. नुसत्या चरबीत ठेवलेला किंवा एक-दोन टाक्यांवर लटकवलेला पोर्ट फिरतो. शेवटच्या भेटीत मी तरी हाच प्रश्न पहिला विचारायला सांगेन: "कशाने आणि किती ठिकाणी अडकवणार?"

नळीचेही विचारा. आवरणातून ती सावकाश वळण घेत आत जायला हवी. पोर्टच्या तोंडाशीच काटकोन पडला तर तिथे ती मुडपते, आणि पुढे चिरतेसुद्धा.

पालथे झोपणे जखम भरेपर्यंत टाळा. नंतर मनाई नसते, पण चरबी उतरली की पोर्ट टोचू लागतो, म्हणून कमी उंचीचा पोर्ट मिळतो का ते पाहा.

निरगाठ

बिघाड ओळखायचा कसा, तेही लिहून ठेवतो.

सुई पडद्यात न शिरता कठीण तळावर अडते: पोर्ट उलटलेला असू शकतो, बाजूने काढलेल्या एक्स-रेत दिसतो. घातले त्यापेक्षा कमी सलाइन परत येते आणि भूक अचानक वाढते: गळती. पोर्टमधून एक्स-रेत दिसणारे औषध सोडून ती शोधतात. पोर्ट सरळ करणे किंवा बदलणे बहुधा छोट्या छेदातून होते, बँडला हात लावावा लागत नाही. पण नळी सुटून पोटात सरकली तर पुन्हा दुर्बीण घालावी लागते.

ऑपरेशननंतर लगेच आलेली लाली म्हणजे बहुधा जखमेचा संसर्ग. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, कारण नसताना पोर्टवर लाली किंवा पू आला तर नुसत्या अँटिबायोटिकवर थांबू नका. बँड जठराच्या भिंतीतून आत घुसला की संसर्ग नळीच्या कडेने पोर्टपर्यंत येतो. अशा वेळी आधी एंडोस्कोपी. पोर्ट तेवढा बदलला तर तेच पुन्हा.

बँडचे मॉडेल, त्याची एकूण क्षमता (मॉडेलप्रमाणे ४ पासून १४ मिलीपर्यंत) आणि आत्ता आत किती सलाइन आहे, हे लिहिलेले कार्ड जवळ ठेवा. एमआरआय करायचा झाला तर मॉडेल आधी विचारतात.