प्रोसेसरचं नाव दिसलं म्हणून ड्रायव्हरमधली अट उडवायची?

तांबडी_तार: २०२५ मध्ये कर्नल विकासक इंगो मोलनार यांनी लिनक्समधून ४८६ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरचा आधार काढायचे पॅच (कोडमधले बदल) पाठवले, तो धागा धरून कर्नल_सफाई यांनी लिहिलं की नेटवर्क ड्रायव्हरमधल्या प्रोसेसरच्या नावाच्या सगळ्या अटी एका पॅचमध्ये उडवा. ग्रेप (शब्द शोधायचं साधन) मारून ओळी खोडणं म्हणजे सफाई नव्हे. विनबाँड-८४० या जुन्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर उघडा. प्रोसेसर फॅमिली ४ किंवा खालची असेल तर कार्डाच्या बस रजिस्टरमध्ये हेक्स ४८०० जातं, म्हणजे कॅश अलाइनमेंट ८ लाँगवर्ड (एक लाँगवर्ड ४ बाइटचा) आणि बर्स्टही, म्हणजे बसवर एका दमात जाणारा डेटा, ८. नाहीतर ई०००, म्हणजे दोन्ही ३२. दोष ४८६ चिपचा नाही, त्या काळच्या पीसीआय (कार्डं जोडायची बस) बोर्डांचा आहे. प्रोसेसर ही फक्त बोर्ड ओळखायची खूण. अटींच्या त्याच शिडीत खाली स्पार्क, पीए-रिस्क आणि आर्म या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरांना ४८०० मिळतं. ट्युलिप या दुसऱ्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये तर कारणही लिहून ठेवलंय: अल्ट्रास्पार्कचे पीसीआय ब्रिज दर ६४ बाइटला व्यवहार तोडतातच, मग त्याहून लांब बर्स्ट मागून काय मिळणार?

कर्नल_सफाई: अर्धीच गोष्ट सांगितलीत. ती ४८६ ची अट ड्रायव्हर मॉड्यूल (कर्नलबाहेर ठेवून नंतर लोड होणारा तुकडा) नसेल तरच कंपाइल होते. मॉड्यूल केला की त्याच बिघडलेल्या बोर्डाला ई००० मिळतं, आणि डिस्ट्रो (लिनक्सची तयार वितरणं) ड्रायव्हर मॉड्यूल म्हणूनच देतात. कुणाला वाचवतेय ही अट? ३८६ तर कर्नल ३.८ मध्येच गेला. इटानियम (इंटेलचा आणखी एक प्रोसेसर) ६.७ मध्ये गेलं, त्याचं नाव जिथे उरलंय ती बाजू कधीच खरी ठरणार नाही.

चौदा_बाइट: बर्स्टवर भांडताय, पण खरा धोका ट्युलिपच्या कॉपीब्रेकला आहे, म्हणजे किती बाइटपर्यंतचं पॅकेट नव्या जागी कॉपी करायचं त्या मर्यादेला. अल्फा, आर्म, स्पार्क, मिप्ससारख्या यादीतल्या प्रोसेसरांवर तो १५१८, यादीबाहेरच्यांवर १००. इथरनेट हेडर १४ बाइटचा, म्हणून आयपी हेडर ४ च्या पटीत येत नाही. इतर ड्रायव्हर बफर २ बाइट पुढे सरकवतात. ट्युलिपच्या चिपला रिसीव्ह बफर ४ च्या पटीतच लागतो, म्हणून अख्खं पॅकेट नव्या जागी कॉपी करावं लागतं. ही यादी उडवली तर अल्फावर पॅकेटागणिक ट्रॅप (काम थांबवून कर्नलने केलेली दुरुस्ती) बसतील. पॅकेट पोचतील, पण वेग कोसळेल, आणि कारण सापडायला दिवस जातील.

कर्नल_सफाई: मग नावांची यादी कशाला? अनअलाइन्ड (अशा पटीत नसलेल्या पत्त्यावरचं) वाचन स्वस्त आहे की नाही हे सांगणारा कॉन्फिग पर्याय कर्नलमध्ये आहे, तो वापरा. एआरएमव्ही७ (आर्मची एक आवृत्ती) ला १५१८ बाइट कॉपी करायला लावणं हा शुद्ध अपव्यय आहे.

चौदा_बाइट: इथेच घसरताय! एआरएमव्ही७ वर साधा अनअलाइन्ड लोड चालतो, एका दमात अनेक शब्द वाचणाऱ्या एलडीएम आणि एलडीआरडी या सूचना चालत नाहीत. कंपायलरने शेजारचे दोन लोड जोडले की ट्रॅप. /प्रोक/सीपीयू/अलाइनमेंट मधले आकडे बघा, मग अपव्यय म्हणा.

कर्नल_सफाई: क्यूएमूमध्ये (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) ट्युलिप कार्ड आहे. चालवून दाखवा, उगाच भीती घालू नका.

तांबडी_तार: क्यूएमू पीसीआय बर्स्टची नक्कल करत नाही. तिथे ४८०० काय, ई००० काय, दोन्ही पास होणार. असल्या चाचणीवर पॅच पुढे ढकलणं बेजबाबदारपणा आहे, स्पष्टच बोलतो. मात्र मॉड्यूलचा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवा होता. म्हणूनच म्हणतो, शिडी काढा आणि विनबाँडमध्ये सगळ्यांना ४८०० द्या. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्‌झचं पीसीआय १३२ एमबी प्रतिसेकंद देतं, १०० मेगाबिटच्या कार्डाला एका दिशेला १२.५ पुरतात. ८ लाँगवर्डचे बर्स्ट खूप झाले.

कर्नल_सफाई: बसवर आणखी चार कार्डं असली की पाठवताना कार्डाचा फिफो (छोटा बफर) रिकामा पडेल.

तांबडी_तार: असा रिकामा फिफो, म्हणजे ट्रान्समिट अंडरफ्लो, दिसला की पाठवण्याआधी किती डेटा जमायला हवा तो थ्रेशोल्ड ड्रायव्हर स्वतःच वाढवतो. कोड वाचा.

कर्नल_सफाई: वाचला. बरं, विनबाँडला सरसकट ४८००, इटानियमची नावं वेगळ्या पॅचमध्ये. कॉपीब्रेकला तूर्त हात लावत नाही. पण ती यादी बरोबर आहे असं मी म्हटलेलं नाही.

चौदा_बाइट: हात लावाल तेव्हा अल्फावर मोजलेले आकडे पॅचसोबत हवेत. त्याशिवाय माझा विरोध कायम.